डोकेवाल्यांचा नकाशा

सगळा बाजार त्यांना डोकेवाले म्हणायचा. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'सलून' लिहिलेलं होतं, पण लोक तिथे नुसत्या दाढीसाठी थोडेच येत होते. दाढी काय, कोणीही करतं. डोकेवाल्यांच्या खुर्चीत माणूस बसला की आधी गळ्याभोवती पांढरं कापड यायचं, मग केसांवर पाण्याचा फवारा, आणि मग दहाही बोटं कवटीवरून अशी सावकाश फिरायची की कितीही घाईतलं गिऱ्हाईक असो, डोळे मिटून घ्यायचं. "हं," डोकेवाले म्हणायचे. "वरून कडक दिसता, पण आतून मऊ आहात. लोकांसाठी करता पुष्कळ, पण कोणाला त्याची किंमत नाही." आता सांगा, या जगात असा कोण आहे जो याला नाही म्हणेल? पोस्टातले साहेब नाही म्हणाले नव्हते. आणि ज्याने जन्मात कोणाला साधा खिळा फुकट दिला नाही, तो लोखंडवाला तर ऐकता ऐकता डोळे पुसायला लागला होता.

ही विद्या आली होती एका चित्रातून. दुकान घेतलं तेव्हा मागच्या भिंतीवर ते आधीपासून होतं. पाठीमागून पाहिलेलं एक टकलू डोकं, त्यावर जमिनीच्या नकाशासारखे तुकडे पाडलेले, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाचा. खालची अक्षरं परक्या भाषेतली आणि मुंगीएवढी. एक निवृत्त मास्तर दाढीला यायचे, त्यांना ती वाचता यायची, आणि पाळी येईपर्यंत भिंतीजवळ उभं राहून त्यांनी ती वाचली होती. तोंडाला फेस लावलेला असताना त्यांनी एकेक रंग समजावून सांगितला होता. लाल म्हणजे राग, हिरवा म्हणजे धीर, पिवळा लोभ, निळा माया. जिथे उंचवटा मोठा, तिथे तो गुण मोठा. डोकेवाल्यांनी सगळं त्या एका बैठकीत पाठ केलं आणि मास्तरांची ती दाढी फुकट केली.

यात त्यांची लबाडी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचा स्वतःचा यावर पूर्ण विश्वास होता. बायकोने एकदा विचारलं होतं, "अहो, माझ्या डोक्यात काय आहे?" तर ते गंभीरपणे तपासून म्हणाले होते, "हट्ट." त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती, आणि डोकेवाल्यांच्या मते यानेही नकाशा खराच ठरला.

आणि यांची एकुलती एक मुलगी शिकली काय? मानसशास्त्र. कॉलेजात शिकवायची. डोकेवाल्यांचा आनंद गगनात मावेना. खुर्चीत बसेल त्याला सांगायचे, "पोरीने माझाच धंदा पुढे नेला. फक्त कात्री नाही घेतली." बाजारात तर तिच्याबद्दल काय वाटेल ते चालायचं. कोणी म्हणे ती वेड्यांची डॉक्टर आहे, कोणी म्हणे ती डोळ्यांत बघून माणसाच्या मनातलं सांगते. दुपारी ती डबा द्यायला दुकानात आली की बाकावरची माणसं एकदम फरशीकडे बघायला लागायची. कोणाच्या मनात काय होतं देव जाणे. एकाने मात्र धीर करून विचारलंच, "ताई, सांगा बरं, मी आत्ता कसला विचार करतोय?"

"मी लवकर निघून जावं असा," ती म्हणाली.

सगळे हसले, पण तो माणूस घाबरला, कारण तो खरंच तोच विचार करत होता. ती घरी येऊन कपाळावर हात मारायची. "बाबा, मी कोणाचं मन वाचत नाही हो. मी माणसांना प्रश्न विचारते, शंभर जणांना तेच विचारते, आणि उत्तरं ताडून बघते. कंटाळवाणं काम आहे." डोकेवाले मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात सांगायचे, "विद्या असलेला माणूस कधी कबूल करत नाही."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग एका सकाळी चहा पिताना मुलगी म्हणाली की तिला लग्न करायचंय, पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याशी.

डोकेवाल्यांचा कप हवेतच राहिला. त्यांनी आठवून पाहिलं. चेहरा नीट आठवला नाही, डोकं मात्र लगेच आठवलं. "उजव्या कानामागे उंचवटा आहे तो?"

"असेल. मी नाही बघितला."

"मी बघितलाय. चांगला लिंबाएवढा. लाल जागेवर." त्यांनी कप खाली ठेवला. "तो रागीट आहे, पोरी. आज नाही दिसणार, पण एक दिवस फुटेल. नाही म्हणजे नाही."

मुलगी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं डोकेवाल्यांना नंतर वाटलं. ती एवढंच म्हणाली, "सही करून मी उद्याही लग्न करू शकते, बाबा. पण तुम्ही तोंड पाडून कोपऱ्यात उभे असाल तर ते लग्न मला नकोय. मला तुमचा होकार पाहिजे. खरा." आणि पर्स उचलून कॉलेजला गेली. या पोरीला त्यांनी कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.

बायको मात्र गप्प बसणारी नव्हती. "तिचे केस लहानपणापासून तुम्हीच कापता ना?" ती कपबशा विसळत म्हणाली. "त्या डोक्यावर तुमची बोटं किती वेळा फिरली. दोन वर्षं त्यात तो बेकरीवाला बसलाय, तो नाही लागला हाताला?"

डोकेवाले वेळेआधीच दुकानात गेले.

शुक्रवारी बेकरीवाला नेहमीप्रमाणे दाढीला आला. त्याला नकार कळलेला होता, हे त्याच्या बसण्यावरूनच दिसलं. डोकेवाल्यांनी कापड बांधलं, फेस केला, वस्तरा चालवला, तुरटी फिरवली. दोघांत एक अक्षर झालं नाही. डोक्याला त्यांनी हात लावला नाही. तो उठला, "येतो काका" म्हणाला आणि गेला. बाकावरच्या लोकांना काहीतरी बिनसल्याचं जाणवलं, पण विचारायची छाती कोणाची झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना मुलगी आली. डबा ठेवला आणि स्वतःच खुर्चीत बसली. "दाखवा मला तुमचा राग कुठे असतो."

डोकेवाले तिच्या मागे उभे राहिले, सवयीने समोर आरशात दिसणाऱ्या नकाशाकडे बघितलं, आणि तिच्या उजव्या कानामागे बोट ठेवलं. "इथे. तो बघ, लाल तुकडा. उजवीकडे."

तीही आरशात बघत होती. बघता बघता तिचा चेहरा असा झाला की डोकेवाल्यांना वाटलं, नख लागलं की काय. "बाबा," ती म्हणाली, "जरा मागे वळा."

"कशाला?"

"वळा तर."

ते वळले. भिंतीवर नकाशा होता. लाल तुकडा डावीकडे होता.

न्हाव्याचं तोंड दिवसभर आरशाकडे. हात गिऱ्हाईकाच्या डोक्यावर आणि डोळे काचेत. नकाशा शिकले तेही काचेत, कारण शिकवणारे मास्तर खुर्चीत बसून आरशातूनच बोलत होते. भिंतीवरची धूळ बायको पुसायची. वळून, समोर उभं राहून, नीट निरखून तो नकाशा त्यांनी कधी बघितलाच नव्हता. उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं करत त्यांनी अर्ध्या बाजाराचे स्वभाव सांगितले होते.

डोकेवाले मटकन बाकावर बसले. "म्हणजे पोस्टातले साहेब..."

"सगळेच."

"आणि लोखंडवाला? तो तर रडला होता."

मुलगी हसायला लागली. इतकी हसली की खुर्ची गरागरा फिरली. डोकेवाले आधी रागावले, मग त्यांनाही हसू आवरेना, आणि बाहेरून जाणारा माणूस दोघांना बघून थबकला. "इतकी वर्षं उलटं सांगितलं," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही. माझ्या वर्गात मी हेच शिकवते, पण माझ्याकडे इतकं चांगलं उदाहरण नव्हतं."

मग तिने सांगितलं. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका डॉक्टरला शाळेत असताना वाटलं होतं की ज्या मुलांचे डोळे मोठे, त्यांचं पाठांतर चांगलं. तिथून तो डोळ्यांवरून कवटीवर गेला आणि उंचवटे चाचपायला लागला. लोकांना ते इतकं आवडलं की डोकी बघून स्वभाव सांगणारे गावोगाव दुकानं थाटून बसले. पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या काही लोकांनी एका खोलीत घड्याळं मांडली. आवाज ऐकला की बटण दाबायचं आणि किती वेळ लागला ते मोजायचं. तेच पुन्हा, तेच पुन्हा. "आमचं शास्त्र आपला जन्म त्या खोलीतला धरतं," ती म्हणाली. "डोकी चाचपणारे म्हणजे आमचे वाया गेलेले काका. घराण्यातले आहेत, पण कार्यक्रमाला कोणी बोलावत नाही."

"अगदीच चुकले का ते?"

"उंचवट्यांचं अगदीच चुकलं. पण मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी कामं चालतात, एवढं त्यांनी बरोबर धरलं होतं."

डोकेवाल्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि ते उभेच राहिले. "अगं, पण मग उजवीकडे हिरवा आहे. म्हणजे पोराच्या कानामागे धीर आहे, लिंबाएवढा धीर. झालं तर. माझा होकार. आईला फोन कर."

मुलीचं हसू गेलं. "नको, बाबा."

"आता काय नको? होकार पाहिजे होता ना?"

"त्या नकाशाचा नको. त्या कागदाने एकदा नाही म्हटलं, आता हो म्हटलं. उद्या तो भिंतीवर उलटा टांगला तर?" ती खुर्चीतून उठली. "मी मनं वाचते म्हणता, पण त्या सकाळी तुम्ही काय म्हणाल याचा मला अंदाज नव्हता. मी विचारलं म्हणून कळलं. तुम्ही पण त्याला विचारा. मग नाही म्हणालात तरी मी ऐकून घेईन."

ती गेल्यावर डोकेवाल्यांनी डबा न उघडताच बाजूला सरकवला. विचारायचं. माणसाला खुर्चीत बसवून त्याला काहीतरी सांगायचं, हे त्यांना जन्मभर जमलं होतं. विचारलं त्यांनी फक्त एवढंच होतं, 'बारीक की मध्यम?' त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि पलीकडच्या रस्त्याला लागले.

बेकरीत मागच्या खोलीत भट्टीची धग होती. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठाने माखून कणीक मळत होता, डोक्यावर पांढरी कापडी टोपी कपाळापर्यंत ओढलेली. काकांना बघून तो हात पुसायला लागला.

"पुसू नकोस, चालू दे," डोकेवाले म्हणाले. ते एका पोत्यावर बसले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. "तुला राग येतो का?"

"येतो," तो म्हणाला.

"कधी?"

त्याने कणकेला एक पलटी मारली. "परवा आला होता. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा. पुष्कळ आला."

"मग काल दाढीला कशाला आलास? बाजारात मी एकटाच न्हावी आहे का?"

तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "खरं सांगू, काका? तुमचाही राग बघायचा होता. तुमचा मोठा वस्तरा आणि माझा एवढासा गळा. म्हटलं, रागावलेला माणूस हातात धार असताना कसा वागतो ते कळेल. पुढे जन्म काढायचाय तुमच्या घराशी."

"आणि काय कळलं?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, इतके चिडला होतात. पण हात रोजच्यासारखाच हलका होता. हनुवटीखाली वस्तरा फिरवताना तर श्वास रोखून धरला होतात." तो पुन्हा मळायला लागला. "तेव्हाच ठरवलं, काकांनी कितीही वेळा नाही म्हटलं तरी पुन्हा विचारायचं."

डोकेवाल्यांनी आयुष्यभर लोकांची डोकी चाचपली, आणि त्यांचा स्वतःचा स्वभाव त्यांना आज पहिल्यांदा कोणीतरी सांगत होता, तोही आतून मऊ वगैरे न म्हणता. ते पोत्यावरून उठले, पँटला लागलेलं पीठ झटकलं.

"रविवारी दुपारी घरी जेवायला ये," ते म्हणाले.

बेकरीवाल्याने गडबडीत पिठाच्या हाताने टोपी काढली, नमस्कार करावा की नुसती मान लवावी ते न कळून तसाच उभा राहिला.

"टोपी असू दे डोक्यावर," डोकेवाले म्हणाले. "मला काही बघायचं नाही."