न ढवळलेलं वरण

वाढणाऱ्यानं मागून जेवायचं, हा बोर्डिंगातला कायदा होता. कुठं लिहून नव्हता, म्हणूनच तो मोडायची कोणाची हिंमत होत नव्हती. कळमन्याच्या धान्यबाजारात तीस वर्षं मापारी म्हणून काट्याजवळ उभा राहिलेल्या देवाजीले आजही लग्नाच्या पंगतीत वाढणारा तोंड पुसत आलेला दिसला, की त्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही.

"बोर्डिंग सुटून पन्नास वर्षं झाली," त्याची बायको इंदूबाई म्हणते, "पण तुमच्यातून काही बोर्डिंग सुटलं नाही."

खोटं नाही. उत्तर नागपुरातलं ते बोर्डिंग म्हणजे चाळीस पोट्टे, चाळीस टिनाच्या पेट्या अन् एक नळ. काटोलकडच्या एका खेड्याचा बाबाराव देवाजीच्या बाजूले झोपे. त्याचा बाप मृगाच्या बहारात संत्र्याची थैली आणून देई. दोघं देवाजीच्या गोधडीखाली संत्री सोलत अन् साली खिडकीबाहेर फेकत. पण संत्र्याचा वास थोडाच गोधडीत राहते? पाच मिनिटांत अर्धं बोर्डिंग येऊन खाटेवर बसे.

दोन वर्षांमागं एका सोबत्याच्या मयतीत जुने चेहरे भेटले. गेलेल्या सोबत्याच्या लेकानं, रोशननं, तिथंच सगळ्यायचे नंबर घेऊन मोबाईलवर ग्रुप बनवला, 'बोर्डिंगचे सोबती'. देवाजी टाइप करायले गेला की बोट एका अक्षरावर, अन् उमटे भलतंच. म्हणून तो बोलूनच धाडे. सकाळी चहा झाला की अंगणात खाट टाकायची, फोन तोंडाजवळ धरायचा अन् एखादी गोष्ट सांगायची. थंड पाण्याच्या आंघोळीची, बिनातिकिटाच्या सिनेमाची. पल्याडून पुण्याहून, भिलाईहून हसण्याचे आवाज येत. म्हाताऱ्याले पंख फुटल्यासारखं झालं होतं.

मंग शालिकराम जागा झाला. शालिकराम सरकारी हापिसातून मोठा बाबू होऊन निवृत्त झालेला, धरमपेठेत राहते. "एकानं तरी शिस्त पाहावी लागते," असं लिहून त्यानं रोशनकडून ग्रुपचा ताबा घेतला. निवडून कोणी दिलं नव्हतं, पण नको म्हणणारंही कोणी नव्हतं. आठ दिवसांत सतरा नियम आले. गुड मॉर्निंग नको, जाहिरात नको, राजकारण नको, एका मिनिटावर बोललेलं धाडू नका. चुकलेल्याचं नाव घेऊन समज द्यायची, दुसऱ्यांदा चुकला की बाहेर. अन् जाहिरात नको म्हणणारा शालिकरामच दर रविवारी भाच्याच्या लेआऊटचे फोटो टाके. 'सोबत्यांसाठी खास प्लॉट, मोजकेच शिल्लक.'

देवाजीनं ते चालवून घेतलं असतं. पण दिवाळीनंतर त्यानं वरणाची गोष्ट सांगतली. बोर्डिंगात वाढायची पाळी एकेकाकडं महिना-दोन महिने राहे. वाढणारा मागून जेवते, म्हणून त्याले सगळे देवमाणूस समजत. पण हुशार वाढणारा काय करे? वरणाचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, ढवळतच नसे. वरवरचं पिवळं पाणी पंगतीले, अन् तळाची घट्ट डाळ मागून स्वतःच्या ताटलीत. "आपला शालिक त्यातला वस्ताद होता," देवाजी हसत-हसत म्हणाला.

पंधरा जण हसले. सोळावा निरोप आलाच नाही, कारण गोष्टच पुसल्या गेली. खाली शालिकरामचं लिहिलेलं आलं, 'वैयक्तिक टीका. नियम नऊ.'

देवाजीनं नातीले, मेघाले बसवून लिहून घेतलं, 'शालिक, प्लॉट कोणत्या नियमात बसते गा?'

दुपारपर्यंत तो ग्रुपाच्या बाहेर.

संध्याकाळी एकेकाचे फोन आले. "तू बरोबर बोलला गा."

"मंग तिथं काहून नाही बोलला?"

"जाऊ दे ना बाप्पा. कोण तोंडी लागते?"

ग्रुप गेल्याचं दुःख देवाजीनं गिळलं असतं. पण जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी बोर्डिंगाच्या जुन्या मेसमध्ये सगळ्यायचं जेवण ठरलं होतं. ती मेस उन्हाळ्यात पाडणार होते. बाबारावच्या दोन्ही डोळ्यांतलं दिसणं विझत चाललं होतं. त्याच्याजवळ बटनाचा फोन, तो ग्रुपात कधी नव्हताच. "एक डाव तिथं जेवू घाल मले," तो म्हणाला होता, "अजून माणसाची सावली दिसते, तोवर." देवाजीनं त्याले जबान दिली होती.

रविवारी बाबारावच्या सुनेनं त्याले काटोलच्या बसमध्ये बसवून दिलं. देवाजीनं स्टॅण्डवर त्याचा हात धरला, ऑटो केला अन् मेसच्या दारात उतरवला. आत ना सोबती, ना गडबड. बोर्डिंगात आता शिकणारे पोट्टे कंगवे फिरवत उभे, अन् भिंतीवर अर्धा फाटलेला फलक. त्याच्यावर सगळ्यात मोठा फोटो शालिकरामचा.

सैपाक करणारी यमुताई बाहेर आली. "तुमचं जेवण तर काल झालं वं बाई... भाऊ," ती गडबडून म्हणाली. "शनिवार केला होता ना त्यायनं. सगळ्यायले मोबाईलवर सांगतलं म्हणे."

 तारीख बदलल्याचं ग्रुपातल्या अठ्ठावीस जणांले ठाऊक होतं. देवाजीले दुसऱ्या कोणी सांगतलंच असन, असं प्रत्येकाले वाटलं असन.

"वाढायले कोण होतं?" बाबारावनं विचारलं.

"मीच. ते फोटोवाले साहेब खुर्ची-टेबलावर बसले. सगळ्यात आधी त्यायलेच वाढलं."

बाबाराव पोट धरून हसला. "म्हणजे सुधारला बे शालिक. आता चोरून नाही खात."

देवाजीले हसू आलं नाही. "मी तुले आणलं अन् दाराशी उभं केलं," तो म्हणाला.

"दाराशी काहून? पंगत बसून राहिली ना आत? माय, दोन म्हाताऱ्यायचं जमते का?"

"बसा ना भाऊ," यमुताई म्हणाली.

जर्मन धातूच्या ताटल्यांच्या जागी स्टीलच्या आल्या होत्या. बाकी तेच शहाबादी फरशीचं गारपण, तोच तुरीच्या वरणाचा वास. बाबारावनं मान वर करून तो वास आत घेतला. मंग हळूच म्हणाला, "देवा, तू ते शालिकचं सांगतलं म्हणे ग्रुपात. तुझं सांगतलं का?"

"माझं काय?"

"दहावीच्या साली दोन महिने पळी तुझ्याकडं होती. तूही ढवळत नव्हता लेका. मी शेवटून तिसरा बसो. आता दिसत नाही, तेव्हा चांगलं दिसे."

देवाजीचा चेहरा उतरला. तीस वर्षं त्यानं काट्यावर कोणाचं छटाकभर मारलं नव्हतं, अन् हे मात्र असं विसरला होता जसं घडलंच नाही.

"तेव्हा काहून नाही बोलला?"

"संत्री तुझ्याच गोधडीत खायची होती ना."

देवाजी उठला. यमुताईच्या हातची पळी त्यानं मागून घेतली, तळापासून गंज ढवळला अन् पहिल्या पोट्ट्यापासून वाढत निघाला. दर तीन पानांमागं थांबून ढवळे. पोट्टे एकमेकांले कोपरानं ढोसून हसत होते.

अर्ध्या पंगतीत फोन वाजला. शालिकराम. यमुताईनं ग्रुप बनवणाऱ्या रोशनले कळवलं होतं अन् रोशननं त्याले.

"गैरसमज झाला देवाजी. तुला परत घेतो. फक्त ग्रुपवर दोन ओळी माफी लिही, नियम सगळ्यांना सारखा."

"मागतो ना. पण लिहिता येत नाही, बोलून धाडन. वरणाचीच मागन. तू ढवळत नव्हता, तसा मीही ढवळत नव्हतो, अन् बाबाराव दोन महिने पाणी प्याला. एका मिनिटात नाही बसायचं ते. चालन का?"

 पल्याडून फोन कटला.

सगळे जेवून उठल्यावर देवाजी ताटली घेऊन बाबारावजवळ टेकला अन् उरलेलं वरण भातावर ओतलं.

"डाळ कशी आली?" बाबारावनं विचारलं.

"सगळ्यायले आली तशीच."

बाबारावनं देवाजीच्या ताटलीत बोट बुडवून चाखून पाह्यलं. "हो गा," तो म्हणाला, अन् आपली रिकामी ताटली पुढं सरकवली. "मंग वाढ अजून."