हेरेकर सरांचा शब्द

डॉक्टर हेरेकर जन्मानं धारवाडचे, घर धारवाडात, शिक्षण धारवाडात, आणि धारवाडी पेढ्याविषयी कुणी वाकडा शब्द काढला तर आठवडाभर त्याच्याशी न बोलणारे. पण दर गुरुवारी आमच्या हुबळीच्या मेडिकल कॉलेजची गाडी कलघटगी गावाच्या वेशीत शिरली, की हा गृहस्थ हुबळीकर व्हायचा. "आम्ही हुबळीहून आलो," असं खणखणीत कानडीत सांगायचा. त्याला कारण होतं. आमच्या मुलखात 'याला धारवाडला पाठवा' म्हटलं की काय म्हणायचंय ते पोरासोरांनाही कळतं. मनोरुग्णांचं मोठं इस्पितळ तिकडं. वेडाचा डॉक्टर, आणि त्यात धारवाडचा, म्हटल्यावर कुणी ओसरीवरसुद्धा उभं केलं नसतं. सर, खोटं का बोलता, असं मी एकदा विचारलं. तर म्हणे, खोटं कुठं? सकाळी धारवाडहून बसनं हुबळी, आणि तिथनं ही गाडी. म्हणजे हुबळीहूनच आलो की!

मी त्यांच्या हाताखाली लेक्चरर होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वयानं मी बरीच लहान, तरी ते मला 'अक्का' म्हणत, कारण मी त्यांना सारखी रागवायची. रागवू नको तर काय करू? त्या माणसाइतकं मला आयुष्यात कुणी चिडवलेलं नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. किडकिडीत अंगकाठी, इस्त्री नसलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आवाज मात्र शाळामास्तरासारखा. कधी कुणावर ओरडले नाहीत. आपल्याला पटलं नाही की 'असू दे की' म्हणायचे, आणि मग जे करायचं तेच करायचे.

आमचा विषय मनोविकारशास्त्र. मेडिकलच्या मुलांच्या लेखी हा विषयच नव्हे. दोन आठवड्यांची पोस्टिंग, वेगळा पेपर नाही, नापास होण्याची भीती नाही. म्हणजे हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर उंडारायला मिळालेली हक्काची सुट्टी. सर त्यांना गोळा करून कलघटगीला न्यायचे. तिथं सरकारी दवाखान्यामागची एक खोली त्यांनी मिन्नतवाऱ्या करून मिळवली होती. पण खोलीत पोरांना बसू द्यायचे नाहीत. पांढरा कोट गाडीत काढून ठेवायचा आणि एकेका पेशंटच्या घरी जायचं. तिथं नियम एकच, आधी चहा, मग चौकशी. दूरच्या राज्यातनं आलेली एक मुलगी नाक मुरडून चहा नको म्हणाली, तेव्हा सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तंगी, तू या बाईचा चहा घेईनास, मग ती तुला तिच्या लेकाचं वेड कशाला सांगेल?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. पोरांना तम्मा, पोरींना तंगी. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत.

पोरं तरी कसली एकेक! एकानं कानडीतले प्रश्न पाठ केले होते. कानात आवाज येतात का, कोणी न दिसता बोलतं का, असे. पाठांतर अगदी चोख. यल्लम्माच्या जत्रेहून माणसं नुकतीच परतली होती, आणि हा एका गल्लीत शिरला. प्रत्येक घरात बायका म्हणाल्या, हो तर, बोलते की. रोज बोलते. हा दुपारी घाम पुसत आला आणि म्हणाला, सर, चार घरं बघितली, चारही घरांत स्किझोफ्रेनिया. मला हसावं की रडावं कळेना. सर शांतपणे चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होते. "तम्मा," ते म्हणाले, "अख्खी गल्ली वेडी निघाली तर डॉक्टरनं आपली नाडी बघावी." मग त्याला परत त्याच गल्लीत पाठवलं. देवी काय बोलते ते विचारून ये. ती काही बोलल्यावर या बाया जेवतात का, झोपतात का, लेकरांना न्हाऊ घालतात का, ते बघून ये. तो गेला. संध्याकाळी गाडी निघेपर्यंत त्याला कळलं होतं की आजारी कुणीच नाही, आणि एका घरात त्याला जत्रेतल्या प्रसादाचा नारळही मिळाला होता.

हुशार पोरं फार त्रास द्यायची. पुढच्या प्रवेशपरीक्षेची जाडजूड पुस्तकं मांडीवर घेऊन ती गाडीत बसायची, मान वर करायची नाहीत. त्यांतल्या एकानं विचारलंच, सर, हे परीक्षेत येतं का? "परीक्षेत नाही येत," सर म्हणाले, "घरात येतं." पोरानं मान डोलावली आणि पान उलटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर खिडकीतनं ऊस बघत बसले होते. मी म्हटलं, अहो, दगडावर पाणी ओतताय तुम्ही. तर म्हणे, असू दे की.

गंगव्वाच्या घरी मात्र प्रत्येक तुकडीला जावंच लागायचं. गंगव्वा विधवा, मोलमजुरी करणारी. तिची लेक शांता लग्नानंतर वर्षभरात बिघडून माघारी आली होती. आईनं तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, बाहेरून कडी. सरांना आत घ्यायला गंगव्वा तयारच नव्हती. सर दर गुरुवारी कट्ट्यावर बसायचे, पोरांना बसवायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि उठायचे. मला वाटायचं, चाललंय काय हे? हुबळीच्या ओपीडीत माणसं ताटकळताहेत आणि आम्ही इथं कट्ट्यावर माश्या मारतोय. शेवटी एका गुरुवारी गंगव्वानं आपणहून विचारलं की तुम्ही हिला नेऊन पलंगावर घालणार का? तिच्या कुणा चुलत जावेला कधीकाळी इस्पितळात पलंगावर घातलं होतं, ती परत आली नव्हती. सर म्हणाले, "घालणार नाही. माझा शब्द." मग कडी निघाली.

शांता सुधारली. एका दिवसात नव्हे. गोळ्या, गोळ्यांनी हात थरथरणं, गोळ्या बंद करणं, पुन्हा बिघडणं, पुन्हा कट्टा, हे सगळं झालं. पण दोनेक वर्षांनी ती एका खानावळीसाठी जोंधळ्याच्या रोट्ट्या थापून द्यायला लागली. सर पोरांना तिच्या चुलीपाशी बसवायचे. हाताची थरथर टेबलापाशी बसून कळत नाही, म्हणायचे, ती रोट्टी थापताना बघा, कड कुठं फाटते ते बघा, मग गोळी कमी करायची की वाढवायची ते मला सांगा. हे मात्र पोरं बघायची. चुलीपुढं बसून, धुरानं डोळे चोळत, मोठ्या डॉक्टरांची पोरं रोट्टीची कड बघायची, आणि मला वाटायचं, चला, एवढं तरी पदरात पडलं. मग गावात पाच-पंचवीस घरांनी दारं उघडली. प्रत्येक घरी सरांनी तोच शब्द दिला, की पलंगावर घालणार नाही.

आणि मग ते इन्स्पेक्शन आलं. आमच्या कॉलेजला प्रवेशाच्या जागा वाढवून हव्या होत्या. तपासणीला येणारी मंडळी वॉर्डातले पलंग मोजतात, भरलेले किती, रिकामे किती. आमचा वॉर्ड निम्मा रिकामा, कारण सरांनी माणसं घरीच बरी करायचा सपाटा लावलेला! प्रिन्सिपॉलांनी आम्हां दोघांना बोलावलं. फार गोड बोलले. म्हणाले, तुमच्या कलघटगीच्या पेशंटांना एक दिवस आणा, कॉलेजची बस देतो, जेवण देतो, संध्याकाळी घरपोच सोडतो. फक्त पलंगावर झोपायचं. वॉर्ड भरलेला दिसला की तुमच्या विभागाला स्वतःची गाडी, आणि कलघटगीची पोस्टिंग कायमची, प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीची. नाही दिसला, तर आहे ती गाडीसुद्धा पुढं देणं अवघड जाईल.

सर म्हणाले, जमायचं नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. कॉरिडॉरमध्येच. पोरं वळून बघत होती, मला फिकीर नव्हती. मी म्हटलं, हे सोंग मलाही आवडत नाही, पण अहो, एक दिवस! जन्माची पोस्टिंग मिळतेय. इतकी वर्षं तुम्ही ज्यासाठी घसा फोडलात ते ताटात वाढून आलंय, आणि तुम्ही ताट लाथाडताय. ती माणसं आजारी दिसली नाहीत तरी चालेल, नुसती झोपून राहू देत. सर ऐकत होते. मग म्हणाले, "अक्का, पलंगावर घालणार नाही असं मी गंगव्वाला सांगितलंय. कुठला पलंग, किती वेळ, हे तिनं विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, मग आता जाऊन विचारा! त्यावर त्यांनी खिशातनं रुमाल काढला. चष्मा पुसत उभे राहिले. मी पाय आपटत निघून गेले.

इन्स्पेक्शनच्या दिवशी बाकीचे वॉर्ड कसे कोण जाणे ओसंडून वाहत होते. आमच्या वॉर्डात आमचे नेहमीचे चारपाच जण आणि पांढऱ्याशुभ्र चादरी. तपासनिसांनी विचारलं, पेशंट कुठं आहेत? "घरी आहेत," सर म्हणाले. कधी यायचेत? "येऊ नयेत म्हणूनच तर आम्हाला पगार आहे." तपासनीस हसले, चहा प्यायले, आणि जे लिहायचं ते लिहून गेले. जागा कॉलेजला मिळाल्या. आमच्या विभागाची गाडी मात्र पुढच्या महिन्यापासून बंद झाली, आणि कलघटगीची पोस्टिंग हुबळीच्या लेक्चर हॉलमध्ये आली. पडद्यावर खेड्याची चित्रं दाखवून समाजातलं मनोविकारशास्त्र शिकवायचं. ते शिकवायची पाळी माझ्यावर. पंखा चालू, अंधार, अर्धी पोरं घोरताहेत. दर लेक्चरला मी मनातल्या मनात सरांना शिव्या घालायची.

ते मात्र गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सरकारी बसनं कलघटगीला जायचे. सुरुवातीला पाचसहा पोरं बरोबर गेली. मग परीक्षा आल्या, मग दोन, मग कुणीच नाही. निवृत्त झाले तरी जात होते. पुढच्या तुकड्यांना तर शांताची चूल ठाऊकच नव्हती. किती पोरं डॉक्टर होऊन बाहेर पडली रोट्टीची कड न बघता! कुणाच्या दारी चहा न पिता त्यांनी आयुष्यभर लोकांना 'झोप लागते का' विचारलं असेल. एका शब्दापायी हे सगळं घालवलं या माणसानं, असं मला वाटायचं, आणि ते मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते म्हणायचे, असू दे की अक्का.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, एका पहाटे झोपेतच ते गेले. कॉलेजात शोकसभा झाली. तेच प्रिन्सिपॉल, आता निवृत्त, पांढरेशुभ्र कपडे घालून आले आणि हेरेकरांनी खेड्यापाड्यांत किती काम केलं ते सांगून गहिवरले. मी उठून बाहेर आले. बसले असते तर काहीतरी बोलून बसले असते.

त्या गुरुवारी मी कलघटगीला गेले. कुणीतरी सांगायला हवं होतं. गंगव्वा आता म्हातारी झाली होती, कट्ट्यावर बसली होती. शांता आत चुलीपाशी. मी सांगितलं. गंगव्वानं पदर डोळ्यांना लावला, मग मला चहा दिला. चहा पिता पिता माझा जुना राग उसळून वर आला आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. तुम्हाला एक दिवस पलंगावर झोपवायचं होतं, सर नाही म्हणाले, तुम्हाला दिलेल्या शब्दापायी गाडी गेली, पोरं यायची थांबली, सगळं गेलं.

गंगव्वाला यातलं काही माहीत नव्हतं.  मग कानडीत म्हणाली, "एवढंच होतं? आलो असतो की. मी शांताला घेऊन आले असते, शेजारणींना आणलं असतं. एक दिवस काय, आठ दिवस झोपलो असतो त्यांच्यासाठी. त्यांना नाही कोण म्हणालं असतं इथं?"

मी कप खाली ठेवला. कॉरिडॉरमध्ये चष्मा पुसत उभे राहिलेले सर मला दिसले. जाऊन विचारा, असं मी ओरडत होते, आणि ते गप्प होते. पलंगाची कितीही भीती वाटली तरी इथं त्यांना कुणी नाही म्हणणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं नव्हतं.