उडवलेलं पान
डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या शाईचा वास आला की मूर्तिजापूरच्या जिनिंग कारखान्यातली ती दुपार आठवते. तेव्हा मी अकोल्यात बसून एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या, म्हणजे तिच्या गाभ्याच्या, माहितीची सगळ्यांसाठी खुली असलेली पानं नव्यानं लावत होतो. त्यात संगणकात बसवायच्या एका जुन्या कार्डाचं पान 'आता हे कोणी वापरत नाही' असा शेरा मारून मी उडवलं होतं. वजनाच्या पावत्या छापणारा जिनिंगचा काटा त्याच कार्डावर चालायचा. तो बंद पडला म्हणून मला बोलावलं, तेव्हा फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. काटा सांभाळणारे चाचा म्हणाले, "याच्या जोडणीचं पान होतं भाऊ, आता सापडूनच नाही राहिलं. कोनं काढलं असन?" "काय माहीत," मी म्हणालो. उडवलेल्या पानातलं आठवून आठवून काटा सुरू केला, तर त्यांनी तोंडभरून दुवा दिला. घरी येऊन पान परत ठेवलं आणि शेरा लिहिला, 'चुकून निघालं होतं'. तो शेरा आजही तिथं आहे, माझ्या नावासकट.