चावीवाल्याचा शेवटचा रविवार

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते फॉर्मच्या रकान्यांतच. वडील हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतात, आई शिवणकाम करते, आणि कॉलेजात गेलेला घरातला पहिला मीच. चार लोकांनी वाचावं असं काही आपण लिहावं हे धाडसच आहे, आणि तेही एका खेळाबद्दल. खेळाबद्दल कुणी एवढं मनाला लावून घेतं का? मी घेतलं आहे. आणि हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, मला कळतं.

खेळ सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. टेबलाभोवती पाच जण बसतात. चौघांनी एकेक सुपरहिरो तयार केलेला असतो. त्याची ताकद काय, कमजोरी काय, तो कुठे राहतो, कशाला घाबरतो, हे सगळं एका कागदावर. पाचवा माणूस शहर तयार करतो, खलनायक तयार करतो, आणि काय घडतंय ते सांगतो. आम्ही त्याला सूत्रधार म्हणायचो. एखादी गोष्ट जमेल की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा करतो आणि खलनायकाचे फासे त्याच्यामागे टाकतो. तिथे कुणी डोकावत नाही. डोकावू नये असा काही लेखी नियम नाही — पण कुणी डोकावत नाही.

आमचा सूत्रधार मी होतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी दुपारी विश्रांतवाडीहून बसने यायचो आणि नारायण पेठेत आमच्यातल्या मृण्मयीच्या घरी आमचा खेळ चालायचा. तिची आई दारातूनच विचारायची, "आलात? शहर वाचवायच्या आधी चपला सरळ लावा." तिथे सगळे भराभर इंग्रजी बोलायचे. मी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. पण आडोशामागे बसलो की मला थांबून बोलता यायचं. मी बोलेपर्यंत सगळ्यांना थांबावंच लागायचं. एवढ्यासाठी मी सूत्रधार झालो का? थोडंफार तसंच.

माझं शहर एकशे चाळीस पानांचं होतं. वडील ऑफिसातून एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर आठ महिने लिहीत होतो. शंभर मजल्यांचे मनोरे, भुयारी प्रयोगशाळा, एक मोठं बंदर. शून्यक नावाचा खलनायक, त्याचा एकट्याचा इतिहास नऊ पानं. मृण्मयीची आई चहा ठेवताना नकाशा बघून म्हणाली, "हे पुणं का? समुद्र बरा सापडला. आम्हाला नदीत पाणी सापडत नाही." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन बंदर खोडायला घेतलं, पण शून्यक बंदरातूनच येत होता. खोडता येईना.

मग इरफान आला. माझ्याच वर्गातला, माझ्याच बसने जाणारा, माझ्यासारखाच मागच्या बाकावरचा. मीच त्याला आणलं होतं, हे मुद्दाम सांगतो. पहिल्याच दिवशी त्याने माझी पानं चाळली आणि विचारलं, "नितीन, तुझ्या शहरात पाणी कोण सोडतं?"

एकशे चाळीस पानांत त्याचं उत्तर नव्हतं.

त्याचे मामू पाणीपुरवठ्याकडे चावीवाले होते. म्हणजे रस्त्यातलं झाकण उचलून, लांब लोखंडी चावी घालून, आळीआळीला पाणी सोडणारा माणूस. इरफानने आपला हिरो तसाच केला. नावही चावीवाला. त्याने रस्त्याला कान लावला की शहराखालचे सगळे नळ त्याला ऐकू येतात. कुठल्या घरात कोण रडतंय, कुठे कोण दडून बसलंय, सगळं पाण्यातून. जिथे नळाला पाणी आहे तिथे तो पोचू शकतो. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की तो साधा माणूस. गुरुवारी त्याला कुणीही मारू शकतं.

सांगा, याच्यापुढे माझे शंभर मजले काय करणार? पराग — आमच्यातला आणखी एक — ओरडलाच, "अरे काय कॅरॅक्टर आहे! गुरुवार! कसलं भारी!" पुढच्या रविवारी मृण्मयीची आईही म्हणाली, "तुमच्या चावीवाल्याला म्हणावं, आमच्या आळीत जरा जास्त वेळ सोड." राहिलेल्या खेळाडूचं नाव मला आता आठवतही नाही, पण तोही आल्या आल्या हेच विचारायचा — आज चावीवाला कुठे आहे? शून्यक कुठे आहे, हे कुणी एकदाही विचारलं नाही.

मी पुन्हा लांबण लावतोय. माझा कसा अपमान झाला हे आधी तुमच्या गळी उतरवायचं आणि मग मुद्द्यावर यायचं, असं चाललंय माझं. अपमान झालाच नव्हता. मी केलेल्या शहरात दुसऱ्याचं माणूस जिवंत झालं होतं, एवढंच. चांगल्या सूत्रधाराला याचा आनंद होतो म्हणतात. मला का झाला नाही? या प्रश्नाने मी इतका वैतागलो आहे की आता उत्तरही नको वाटतं.

त्याच सुमारास असे खेळ छापणाऱ्या काही मोजक्या मंडळींनी नवी शहरं आणि नवे हिरो मागवले होते. मला वाटलं, माझं शहर पाठवायचं ठरेल. मृण्मयी म्हणाली, चावीवाला पाठवू. पराग म्हणाला, "नित्या, तुझं शहर जाऊ दे ना. आपण चावीवाल्याचंच शहर करू. तू फक्त फासे टाक." त्याच्या मनात काही नव्हतं. इरफान लगेच म्हणाला, "असं कसं? शहर त्याचं आहे." मला त्याचाही राग आला. त्याचाच जास्त आला.

आता एक नियम सांगायला हवा. तो मीच केला होता. आमच्या खेळात हिरो मेला की खेळाडूने त्याचा कागद स्वतःच्या हाताने फाडायचा, आणि तो हिरो पुन्हा कुठेही वापरायचा नाही. नाहीतर मरणाला अर्थ काय, असं मी मोठ्या गंभीरपणे म्हणालो होतो. सगळ्यांनी हसत मान्य केलं. इरफानने न हसता केलं. तो तसाच होता. एकदा त्याचा फासा कपाटाखाली गेला, तर जमिनीवर पालथा पडून, मोबाइलच्या उजेडात बघून त्यानेच सांगितलं — "एक." सगळ्यात वाईट आकडा. पुन्हा टाक म्हटलं तर म्हणाला, "आलाय ना? मग आला."

त्या रविवारी मी खेळातला वार गुरुवार ठेवला. इथपर्यंत काही चूक नव्हती, सूत्रधाराने कमजोरी वापरायचीच असते. चावीवाला कोरड्या टाकीत उतरून अडकलेल्या मुलांना बाहेर काढत होता. शून्यकाने वार केला. सतरा किंवा वर आलं तर चावीवाला मरणार, खाली आलं तर वाचणार. तसं मी आधीच जाहीर केलं होतं. मी आडोशामागे फासा टाकला.

चार आला.

मी "सतरा" म्हणालो.

इरफानने विचारलं, "सतरा?" नुसतं विचारलं — संशयाने नाही, ऐकू आलं नसावं तसं. तेव्हाही परत फिरता आलं असतं. "थांब, नीट बघतो" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. फासा अजून तिथेच होता, चार वर करून. मी तो उचलून मुठीत घेतला आणि पुन्हा म्हणालो, "सतरा." आणि मग मी वर्णन केलं. टाकीची भिंत कशी खचली, मुलं कशी वर निघाली, चावीवाल्याच्या हातातली चावी शेवटी कशी वाजली. आठ महिन्यांत मी एवढं चांगलं कधी बोललो नव्हतो. मृण्मयी रडली.

इरफानने कागदाचे दोन तुकडे केले, मग चार. ते त्याने खिशात ठेवले, कचऱ्यात नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसला. येरवड्याच्या पुलावर म्हणाला, "फार भारी मेला यार. तू सांगितलंस कसलं!" आणि माझा खांदा दाबला.

त्यानंतर तो दोनदा आला, एक साधा दणकट हिरो घेऊन. मग आला नाही. अभ्यास वाढलाय म्हणाला. चावीवाला अर्थात पाठवला गेला नाही. मी माझं शहर पाठवलं. उत्तर सभ्य होतं — मेहनत दिसते, पण हे शहर कुठेही असू शकतं. वर्षभरात खेळ बंद पडला.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी आता एमएस्सीला आहे. मृण्मयी त्याच खेळ छापणाऱ्या मंडळींत काम करते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ते पुण्यावरच सुपरहिरोंचा खेळ काढत होते आणि तिला चावीवाला हवा होता, इरफानच्या नावानिशी, पहिल्या पानावर. ती त्याला भेटून आली होती. त्याने नाही म्हटलं होतं.

"वेडा आहे रे तो," ती म्हणाली. "म्हणतो, सतरा आला होता, तो मेला, मी कागद फाडला. आता कसा उठवू? तू समजाव ना त्याला. आठवडा आहे हातात."

मी म्हणालो, "बघतो."

आठवडा होता. इरफानचा नंबर माझ्याकडे होता. मी "चार आला होता" एवढेच शब्द टाइप केले, पुसले, पुन्हा टाइप केले. एकदा लावलेला फोन रिंग जायच्या आत कापला. सोमवार गेला, मंगळवार गेला. प्रॅक्टिकल आहे, तो कामात असेल, समोर भेटून सांगू — कारणं मला चांगली सुचतात. शहर रचण्यापेक्षा चांगली.

मग मृण्मयीचा मेसेज आला. पानं छपाईला गेली होती. चावीवाल्याच्या जागी दुसरा कुणी हिरो घेतला होता. खाली तिने लिहिलं होतं, "काल इरफानला शेवटचं विचारलं. म्हणाला, सूत्रधार म्हणाला तर उठवतो, त्याच्या फोनची वाट बघतोय. तू केलाच नाहीस का रे?"