नुसतं पुस्तक वाच

नाथाजी तिसरीपर्यंत शिकला आणि मिसरूड फुटायच्या आत गलाईला गेला. आमच्या विट्याकडं यात काही नवल नाही. इकडच्या घरटी एखाद-दुसरा माणूस परमुलखात कुठल्या तरी सराफांच्या गल्लीत भट्टीपुढं बसलेला असतो. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं आणि वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचं. नाथाजी कोईमतूरला होता. दुकानाच्या माळ्यावर सहाजण राहायचे, सगळे आपल्याच भागातले.

बायको शालूबाई दहावी झालेली. गावच्या वाचनालयाचं पुस्तक नेणारी सून म्हणून भावकीत तिची टिंगल व्हायची. त्र्याण्णवच्या जत्रेला नाथाजी आला तेव्हा ती एक जाडजूड कादंबरी वाचत होती. चार भाग निघालेले, पाचवा निघायचा होता. तिनं त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतली आणि गड्याला चटकच लागली. पहिला भाग अर्ध्यावर असताना सुट्टी संपली.

"आता पुढलं गं?"

"पुढलं पुढल्या जत्रंला."

"तवर मी काय करू?"

मग शालूबाईनं वाचून कॅसेट भरायला सुरुवात केली. कॅसेटी दोनच. एक तिकडं ऐकली जायची, दुसरी इकडं भरली जायची. गावचा भाऊसो महिन्याला कोईमतूरला खेप करायचा. भडंग आणि चटणीच्या पुड्यांबरोबर कॅसेट न्यायचा, ऐकून झालेली परत आणायचा. शालूबाई तिच्यावरच पुढचं वाचायची. मागचं पुसलं जायचं. ऐकून झालेलं ठेवायचं कशाला, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी भट्ट्या बंद. माळ्यावर टेप लागायचा आणि सहाहीजण अंथरुणावर पडून ऐकायचे.

"ह्या लेखकाला पानावर पैसं मिळत्यात जणू," जोतीराम म्हणायचा. तो भट्टीवरचा सगळ्यात वाह्यात माणूस. "नदी दिसली की चार पानं. आरं, वलांड की बाबा!"

"पेपरात तर छापलंवतं, असली कादंबरी झालीच न्हाई म्हून," हरी म्हणायचा.

"पेपरवाला त्याचा मेव्हणा आसंल."

"ते ऱ्हाऊ दे. गोदी मेली का जित्ती हाय, त्येवडं सांगा." नाथाजी म्हणायचा. गोदी म्हणजे कादंबरीतली, घर सोडून गेलेली बाई.

"चौथ्यात कळंल."

"चौथ्यात कशाला सांगंल? पाचवा खपवायचा हाय न्हवं त्याला!"

तरी पुढच्या रविवारी सगळे हजर असायचे.

बाजू संपली की शालूबाई दोन शब्द घरचे बोलायची. "झाली बाजू. पालटा आता. शेळी व्याली. आवं, डोळ्याला पाणी मारता का तुमी?" तेजाबाच्या धुरानं नाथाजीचे डोळे कायम लाल असायचे, म्हणून ती विचारायची. जोतीरामानं ते उचललं. भर गल्लीत, गिऱ्हाइकापुढं, बाईचा आवाज काढून तो ओरडायचा, "आवं, डोळ्याला पाणी मारता का?" तमिळ सराफसुद्धा ते शिकले. नाथाजी समोर दिसला की तेवढंच मराठी बोलायचे.

नाथाजीनं भाऊसोला बाजूला घेतलं. "तिला म्हणावं, नुसतं पुस्तक वाच. घरचं काय बोलू नगंस. सगळी ऐकत्यात."

पुढच्या कॅसेटीत बाजू संपली ती पुस्तकातल्याच वाक्यावर. मग नुसती खरखर.

"वैनी रुसली का काय रं?" जोतीराम म्हणाला. नाथाजीनं कॅसेट काढून डबीत घातली. त्याला बरं वाटलं होतं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात चौथा भाग सुरू झाला. आवाज बारीक येऊ लागला. हरी म्हणाला, "वैनीचा घसा बसलाय." भाऊसो म्हणाला, "खोकती जरा." नाथाजीनं निरोप धाडला की उलीसं थांबून वाच, घाई न्हाई. चौथा भाग कुणालाच आवडला नव्हता, त्यामुळं घाई खरंच नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर सराफाच्या दुकानात फोन आला. नाथाजी घरी पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

त्याची आई, रंगुबाई, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "गौरी-गणपतीपासनं खोकत हुती. मिरजंला न्हेली, पर उशीर झालता."

"मला कळवायचं न्हाई?"

"म्या म्हनलं की तिला. तर म्हनली, कशातनं कळवू? भाऊसोकडं निरोप दिला तर समद्या माळ्याला कळनार. पत्र जोतीराम वाचून दावतो. फोन दुकानात. आन् कॅसेटीत बोलायचं न्हाई म्हून सांगितलंय."

नाथाजी परत गेला नाही. दुसरी कॅसेट टेपातच होती, अर्धी भरलेली. त्यानं ती लावली. गोदीचा भाऊ तिला हुडकत कुठल्याशा घाटावर आला होता, आणि वाक्य अर्ध्यात तुटत होतं. नाथाजीनं कॅसेट उलटीसुलटी करून ऐकली. मरणाऱ्या माणसानं एखादा शब्द तरी नवऱ्यासाठी ठेवला असेल, असं त्याला वाटत होतं. डोळ्यांचं नाही, शेळीचं नाही, काहीच नाही. सगळं पुस्तकातलं.

महिनाभर ऐकल्यावर त्याला दुसरं काही ऐकू येऊ लागलं. वाचता वाचता मध्येच श्वास आत ओढलेला, आणि लगेच खटका. मग पुन्हा वाचन, जरा दमलेलं. त्यानं आईला विचारलं.

"टेप बंद करून खोकायची," रंगुबाई म्हणाली. "खोकून झालं की पुन्यांदा चालू करायची. पुस्तकात खोकला नगं म्हनायची."

बाजूच्या सुरुवातीला असे श्वास बऱ्याच ओळींनी यायचे. शेवटी शेवटी दर ओळीला. तो तेवढ्यासाठीच टेप लावू लागला.

भाऊसो एकदा दारात आला. "माळ्यावरली पोरं इचारत्यात, चौथ्यात पुढं काय झालं?"

"मला न्हाई ठावं."

"आरं, रोज ऐकतुस की!"

"पुस्तक कुठं ऐकतुय मी?"

भाऊसो चहा न घेताच गेला. अठ्ठ्याण्णव साली वाचनालयात पाटी लागली, की लेखकानं पाचवा भाग लिहायचा नाही असं ठरवलंय. वाचणारे भडकले, कुणी म्हणालं बरं झालं. नाथाजी तिकडं फिरकला नाही.

त्याच उन्हाळ्यात टेपनं कॅसेट खाल्ली. फीत चुरगाळून यंत्रात गुंडाळली. नाथाजी ती रुमालात घेऊन विट्याला रेडिओवाल्याकडं गेला.

रेडिओवाल्यानं फीत उजेडात धरली. "चुरगाळलेलं कापाय लागंल. मग जोडून देतो. दोन-चार वाक्यं जातील."

"वाक्यं जाऊ देत. मधलं ठेव."

"मधलं म्हंजे?"

नाथाजीला सांगता येईना. गिऱ्हाईकं उभी होती. रेडिओवाल्यानं ब्लेडनं जमेल तेवढं कापलं, बारीक पट्टी चिकटवली, कापलेला तुकडा केराच्या डब्यात टाकला.

घरी येऊन नाथाजीनं टेप लावला. जोड आला तिथं आवाज जरा उडाला आणि गोदीचा भाऊ एकदम दुसऱ्याच गावात निघाला. कापलेल्यात नुसती वाक्यं गेली, का तिचे श्वासही गेले, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.