वहिनींच्या घरचा फेरखटला

सलूनमध्ये बाई दाढी करते हे पाहून नवं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. वहिनी आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणायच्या, "या, बसा. गाल तुमचेच राहतील, फक्त केस जातील." माणूस ओशाळून हसायचा आणि खुर्चीत बसायचा. एकदा बसलेला पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा, कारण वहिनींचा हात हलका होता. साबणाचा फेस त्या असा लावायच्या की अर्धी माणसं तिथंच पेंगायला लागायची.

सलून मुळात त्यांच्या नवऱ्याचं. त्याला अख्खी गल्ली रेडिओ म्हणायची. सकाळी शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली आल्यावरच बंद. कुणाच्या भावाला नोकरी लागली, कुणाच्या गॅलरीत कबुतरांनी अंडी घातली, सगळं त्याला ठाऊक. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात. याच्याकडे तर माणसं केस वाढायच्या आधीच कापायला यायची.

दोघांची गाठ पडली तीही वस्तऱ्यावरूनच. वहिनी तेव्हा इस्पितळात कामाला होत्या. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचं काम त्यांच्याकडे असायचं. एक दिवस अपेंडिक्सचा एक पेशंट आला. दुखण्यानं कळवळत होता, पण त्यांचा हात बघून उठून बसला. "अहो, असं मनगटानं नाही ओढायचं. बोटं वापरा, बोटं!"

"पोट तुमचं आहे आणि वस्तरा माझ्या हातात आहे," वहिनी म्हणाल्या. "गप्प पडा."

तो गप्प पडला नाही, पण सहा महिन्यांनी दोघांचं लग्न झालं. वहिनींच्या वडिलांना हा जावई पहिल्यापासून पटला नव्हता. ते पोस्टमन. तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून त्यांनी माणसांची पारख केली होती, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. "इतकं बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो," ते म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "बाबा, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. लपवणार काय, कपाळ?"

पण शेवटी रेडिओला त्याचं बोलणंच नडलं.

सलूनच्या शेजारी हार्डवेअरचं दुकान होतं. दोन्ही दुकानांची मागची मोरी एकच. केस अडकून ती तुंबायची आणि मग हार्डवेअरवाला आणि रेडिओ यांची जुंपायची. एकदा ऐन दुपारी, रस्ता भरलेला असताना, रेडिओ ओरडला, "फार झालं तुझं! एक दिवस तुझीच हजामत करतो बघ!" ऐकणारे हसले. हार्डवेअरवालाही हसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हार्डवेअरवाला मागच्या बोळात मेलेला सापडला. गळ्यावर धारदार शस्त्राचा वार.

पोलिसांनी सलूनमधले सगळे वस्तरे उचलले. एकावर रक्ताचा डाग निघाला. दाढीच्या दुकानात रक्ताचा डाग नसेल तर कुठं असेल, पण हे बोलायला कुणी धजलं नाही. समोरच्या इस्त्रीवाल्यानं जबाब दिला की त्या संध्याकाळी रेडिओ पांढऱ्या ॲप्रनमध्ये मागच्या बोळातून येताना दिसला, आणि त्याच्या हातात काहीतरी चमकत होतं. हजामतीचं ते वाक्य कोर्टात मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. तिथं कुणीच हसलं नाही.

कोर्टानं रेडिओला दिलेल्या वकिलाला कागद त्याच दिवशी सकाळी मिळाले होते. इस्त्रीवाल्याचं सांगून झालं तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, "उलटतपासणी?" वकील अर्धवट उठला, "प्रश्न नाहीत" म्हणाला आणि बसला. मागच्या बाकावर बसलेल्या वहिनींच्या ओठांवर दहा प्रश्न होते. पण मागच्या बाकाला कोण विचारतं?

जन्मठेप झाली.

पोस्टमन दुसऱ्या दिवशी मुलीच्या दारात उभे राहिले. "सामान बांध. घरी चल."

"घरीच आहे मी, बाबा."

"त्या खुन्याच्या घरी?"

वहिनींनी किल्ल्या घेतल्या, बापाच्या बाजूनं जिना उतरल्या आणि सलूनचं शटर वर केलं. पोस्टमन त्यानंतर सहा वर्षं त्या गल्लीत फिरकले नाहीत. वहिनी दर आठवड्याला त्यांच्याकडे जायच्या, घर झाडायच्या, औषधं आणून द्यायच्या. जावयाचा विषय निघाला की पोस्टमन भिंतीकडे तोंड करायचे.

पहिला महिनाभर सलूनमध्ये माशीही बसली नाही. मग एक म्हातारे हेडमास्तर काठी टेकत आले. "मला दिसत नाही," ते म्हणाले, "त्यामुळे मला भीती वाटायचं कारण नाही." वहिनींनी त्यांची दाढी केली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर चारचौघांत आपला गुळगुळीत गाल चोळत फिरले, आणि तिथून गाडं चालू झालं. वहिनी वर्षभरात केस कापायलाही शिकल्या. सुरुवातीला दोन-चार डोक्यांना पायऱ्या पडल्या खऱ्या. ती माणसं टोपी घालून फिरली, पण तक्रार कुणी केली नाही.

अपील कितीतरी वर्षं धूळ खात पडलं होतं. मग ते एका वकीलबाईंकडे आलं. वयानं लहान, बोलायला फटकळ. त्यांनी जुने कागद चाळले, एका पानावर थांबल्या आणि चष्मा वर केला. "हा एवढा मोठा साक्षीदार, आणि याला एकसुद्धा प्रश्न विचारला नाही?"

वरच्या कोर्टात दोन न्यायाधीशांनीही तेच विचारलं. आरोपीला आपली बाजू मांडायची धड संधीच मिळाली नाही, असं त्यांनी लिहिलं. शिक्षा रद्द. खटला साक्षीपुराव्यापासून पुन्हा चालवावा. तोवर जामीन.

"म्हणजे सुटले ना हो?" वहिनींनी जिन्यातच वकीलबाईंचा हात धरला.

"शिक्षा सुटली, वहिनी. आरोप सुटला नाही. सरकार पुन्हा उभं राहील, तोच साक्षीदार पुन्हा येईल. त्याच्याशी चुकूनही बोलायचं नाही, नाहीतर जामीन जाईल."

गल्लीतली माणसं मिठाई घेऊन आली. घ्यावी की नको, वहिनींना कळेना. शेवटी त्यांनी डबा फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अर्धाच आनंद झालाय, तर अर्धाच तुकडा घ्या." लोकांनी खरंच अर्धा अर्धा घेतला.

रेडिओ घरी आला, पण बंद पडून. दिवसभर सलूनच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायचा, टॉवेलांच्या घड्या घालायचा, फरशी झाडायचा. कुणी विचारलं तर "हो", नाहीतर "नाही". समोर इस्त्रीवाला दिसला की मान खाली घालायचा. वस्तऱ्याला तर तो हातच लावत नव्हता.

"एक दाढी करून बघा," वहिनी म्हणाल्या.

"मी वस्तरा उचलला की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे नाही बघणार. माझ्या हाताकडे बघेल."

"बघू दे की. हात चांगलाय."

"तुला चांगलाय."

त्याच सुमाराला पोस्टमन न्हाणीघरात घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळले. दाढीचं रान माजलं, पण वहिनींना हात लावू देईनात. एका सोमवारी, सलून बंद असायचा तो वार, ते म्हणाले, "पोरी, वरच्या कोर्टानं नेमकं काय म्हटलंय?"

वहिनींनी सगळं सांगितलं. पोस्टमननी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे खालच्यांनी एकच बाजू ऐकली."

"हो."

"मीही एकच ऐकली होती." त्यांनी वाढलेली दाढी चाचपली. "मग माझाही निकाल रद्द. पुन्हा चालवायला हवा. जा, बोलाव त्या बडबड्याला. आणि म्हणावं, हत्यार घेऊन ये."

रेडिओ आला तो पाचावर धारण बसल्यासारखा. वहिनींनी वाटीत फेस केला, वडिलांच्या मानेखाली उशी सरकवली आणि वस्तरा नवऱ्याच्या हातात दिला. पोस्टमननी हनुवटी वर केली. सुरकुतलेला गळा जावयासमोर उघडा पडला.

"तू मारलंस त्याला?"

"नाही."

"मग हात का कापतोय?"

"सहा वर्षं वस्तरा धरला नाही, अण्णा. आणि तुमची दाढी म्हणजे दाढी नाही, काटेरी कुंपण आहे."

पोस्टमनच्या नाकपुड्या फुगल्या. वहिनींना वाटलं, आता फुटले. पण ते म्हणाले, "चालव."

पहिली ओढ कानाजवळून खाली आली. मग दुसरी. हाताची थरथर गालावर होती, हनुवटीपाशी येईतो थांबली. पोस्टमननी मधेच विचारलं, "बोळात काय करायला गेला होतास?" आणि रेडिओ सांगायला लागला. केराचा डबा, मोरी, हार्डवेअरवाल्यानं त्याच सकाळी उसनी दिलेली लोखंडी सळई, तिनं मोरी कशी मोकळी केली, दोघं कसे तिथंच उभं राहून हसले. सांगता सांगता त्याचे डोळे भरले, पण हात थांबला नाही. मेलेल्या माणसासाठी तो आजवर रडलाच नव्हता. आरोपीला तशी सोय नसते.

दाढी झाली. पोस्टमननी गालांवरून तळहात फिरवला. "कानाखाली एक केस राहिलाय."

"कुठं?"

"राहू दे. पुढच्या सोमवारी काढ." आणि मुलीकडे वळून म्हणाले, "जावयाला पाणी दे. किती बोलतो हा माणूस."

वहिनी पाणी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

खटला चार महिन्यांनी उभा राहिला. इस्त्रीवाला पिंजऱ्यात आला. सहा वर्षांत तोही खंगला होता. वकीलबाईंनी आवाज न चढवता सुरुवात केली.

"आरोपी त्या बोळात कधी जायचा?"

"रोजच. केर टाकायला."

"कशातून न्यायचा?"

"पत्र्याच्या डब्यातून."

"नवा होता डबा? चकचकीत?"

"असेल. हो, नवाच होता."

"मग त्या संध्याकाळी जे चमकलं, तो वस्तरा होता की डबा?"

इस्त्रीवाल्यानं कठड्यावरचे हात काढले, पुन्हा ठेवले. "लांबून नुसतं चमकलं, बाई. वस्तरा मी म्हटलंच नव्हतं. डबाही असेल."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही."

मागच्या बाकावर वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला. पुढं वकीलबाईंनी जबाब लिहून घेणाऱ्या पोलिसाची जी बिनपाण्यानं केली, ती बघायला खुद्द रेडिओही मान वर करून बसला होता.

पण एका साक्षीनं खटला संपत नाही. रक्त तपासणारा तज्ज्ञ यायचा होता. तो एका तारखेला आला नाही, दुसऱ्या तारखेला आला तर कागद विसरून आला. निकाल काय लागेल हे वकीलबाईही छातीठोकपणे सांगत नव्हत्या. "बरं चाललंय," एवढंच म्हणायच्या.

मधल्या काळात वहिनींनी दुसरी खुर्ची घ्यायचं काढलं. रेडिओनं खोडा घातला.

"निकाल लागू दे. उगाच खुर्ची आणायची आणि मी परत आत गेलो तर?"

"तर तिच्यावर मी टॉवेल वाळत घालेन. गिऱ्हाईक आज बाकड्यावर ताटकळतंय, ते काय तुमच्या निकालापर्यंत दाढी धरून बसणार आहे?"

मग रंगावरून वाद झाला. त्याला लाल हवी होती, त्यांना हिरवी. आली ती तपकिरी, कारण दुकानदाराकडे तेवढी एकच शिल्लक होती. हातगाडीवरून ती दारात आली आणि दारातच अडकली. उभी करून बघितली, आडवी करून बघितली. शेवटी हेडमास्तरांनी काठीनं चौकट चाचपून निकाल दिला की खुर्चीत काही दोष नाही, दार काढा.

रेडिओ स्क्रू काढायला बसला. वहिनींनी दाराचं दुसरं टोक धरलं आणि ओरडल्या, "मनगटानं नका हो ओढू, बोटं वापरा!" बाकड्यावरची तिन्ही गिऱ्हाइकं उठून हात लावायला आली.