सुधार हजेरी

"ए बुढे, जरा तितर बोलके दिखा," फौजदार म्हणाला.

माझा बा हात जोडून उभा होता. वर्ध्यातल्या एका बंगल्याची ओसरी. ओसरीवर पाच खुर्च्या, एक टेबल, टेबलावर चहा. आम्ही पायरीच्या खाली, लोक चपला काढतात तिथं. मी सतरा-अठरा वर्षांची. हातात अर्ज.

बानं माझ्याकडं पाहिलं नाही. तळहात ओठांवर आडवा धरला आणि तितर ओरडला. साहेब हसले. "आता मादी." बानं मादी काढली. "आता लावा पक्षी." लावाही काढला. हाच आवाज काढून बा रानातलं पाखरू फासात आणायचा. त्यावर आम्ही सहा जण जगलो. त्याची सगळी विद्या एवढीच, आणि ती त्या लोकांनी चहासोबत चिवडा खावा तशी खाल्ली.

आम्ही पारधी. इंग्रजांच्या कायद्यानं जन्मतःच चोर. धाम नदीच्या पलीकडं, माळावर आमचा बेडा. बेडा म्हणजे पंधरा-वीस पालं. बेड्यातल्या प्रत्येक बाप्याला दिवस मावळायच्या आत गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. हजेरी म्हणजे नुसतं तोंड दाखवणं नव्हे. पोलीस पाटलापुढं उकिडवं बसायचं. दोन्ही हात डोक्यावर. आपलं नाव, बापाचं नाव, आणि रात्री कुठं निजणार ते सांगायचं. मग पाटील वहीत खूण करायचा.

तो कायदा गेला. मी शिकले त्या शाळेतल्या गुरुजींनी पेपरातून वाचून दाखवलं. हजेरी मात्र गेली नाही. पाटील म्हणे, "मले कागद नाई आला." ठाणं म्हणे तहसिलीत विचारा. तहसील म्हणे तुरुंगखात्याला विचारा. बाचा उजवा गुडघा कामातून गेला होता, आणि चावडी दीड कोस. रोज. पावसातही, तापातही. त्याची हजेरी सुटावी, एवढंच मागायला आम्ही त्या ओसरीखाली उभे होतो.

कारण त्या दिवशी ती सगळी खाती एका टेबलाशी आली होती. पोलीस, तहसील, तुरुंग, शाळा. आणि पाचवे एक खादीवाले भाईजी. नाव सुधार समिती. गुन्हेगारांना माणसांत आणायचं म्हणे.

भाईजींनी अर्ज घेतला. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

अर्ज पाचही हातांतून फिरला. पारध्याची पोर असं वळणदार लिहिते, याचं कौतुक दहा मिनिटं चाललं. बाच्या गुडघ्याबद्दल एक शब्द नाही.

मग भाईजी म्हणाले, "जुनी हजेरी बंद. आजपासून सुधार हजेरी. बेड्यातच होईल, चावडीवर जायला नको. तुमचीच शिकलेली मुलगी घेईल. नकला चारही खात्यांना जातील, म्हणजे कोणी कोणाकडं बोट दाखवणार नाही." चारही साहेबांनी माना हलवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं असेल.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. बाची पायपीट वाचली म्हणून झाला, आणि पाच साहेबांनी माझं अक्षर वाखाणलं म्हणून त्याहून जास्त झाला. ही माझी चूक. ती मी कोणावर ढकलत नाही.

वही तीच होती, पाटलाची. वर एक कागद चिकटवून त्यावर 'सुधार' लिहिलं होतं. खळ पातळ होती. खालची 'गुन्हेगार जमात' ही अक्षरं वाचता येत होती.

पहिल्या संध्याकाळी मी निंबाखाली पोतं अंथरून बसले. वाटलं होतं, लोक येतील, रामराम करतील, जातील. पण काका आला आणि उकिडवा बसला. मी म्हटलं, "काका, उभ्यानंच सांग." तो म्हणाला, "राहू दे, सवय हाये." त्याच्यामागं सगळे तसेच बसले.

शेवटी बा आला. दुखरा गुडघा त्यानं हातानं दुमडला. बसला. हात डोक्यावर ठेवले. स्वतःचं नाव सांगितलं, माझ्या आज्याचं नाव सांगितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "रात्री बेड्यातच निजतो, सरकार."

"बा, मी आहो."

"वही हाये ना पुढं, बाई. वहीले सांगून राह्यलो."

चुलीपाशी आत्या पीठ मळत होती. वर न पाहता म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ."

मी खूण केली. मान वर करायची हिंमत झाली नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं अंथरलं. स्वतःला समजावलं, दुसऱ्या कोणी घेण्यापेक्षा मी बरी.

दहा-बारा दिवसांनी काकाचा मुलगा आला नाही. बायकोला आणायला सासरी गेलता, रात्र तिथंच झाली. मी खरं ते लिहिलं. गैरहजर. वाटलं, समितीत चार समजदार माणसं आहेत, विचारतील. विचारलं कोणीच नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई त्याला घेऊन गेले. आठवड्यानं सुटला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. मी फौजदाराकडं गेले. तो म्हणाला, "हमने क्या किया? तुम्हारी लिखावट है." तहसिलीतले म्हणाले पोलिसांचं काम. शाळेचे साहेब म्हणाले, मी तर फक्त सभासद. अक्षर मात्र माझंच होतं.

पुढच्या बैठकीला नागपूरहून मोठे पाहुणे येणार होते. बाला आणि मला बोलावलं. तीच ओसरी, तीच पायरी. फौजदार पाहुण्यांना म्हणाला, "अब सुनिये, असली तितर." बाचा हात ओठांकडं गेला. मी तो धरला आणि खाली ओढला.

"बा नाई बोलणार."

पायरी चढले. चपलांसकट. वही चहाच्या टेबलावर उघडून ठेवली. कोऱ्या पानावर मी रात्रीच पाच नावं लिहिली होती. माझ्या त्याच वळणदार अक्षरात. पाचही समितीवाल्यांचीच.

म्हटलं, "हजेरी घ्याची हाये. उकिडवे बसा. हात डोक्यावर. बापाचं नाव सांगा, आन रात्री कुठं निजता ते सांगा."

कोणी हसलं नाही. फौजदारानं माझा दंड धरला आणि मला पायरीवरून खाली लोटलं. भाईजी हळू आवाजात म्हणाले, "बेटी, एवढं चांगलं काम उभं राहिलं, त्याला गालबोट लावू नकोस."

मी धूळ झटकत म्हटलं, "काम तुमचं उभं हाये, भाईजी. माहा बा उकिडवाच हाये."

यात आम्ही जिंकलो असं कोणी समजू नये. वही पाटलाकडं परत गेली. हजेरी पुन्हा चावडीवर. फरक एवढाच, आमच्या बेड्यातून कोणी गेलं नाही. त्यासाठी बाला दोनदा कोठडीत टाकलं. दुसऱ्यांदा आला तो काठीवर. मी विचारलं, "तिथं बसवलं का रे उकिडवं?" तो म्हणाला, "बसवत होते. नाई बसलो."

अजूनही मला बोलावणी येतात. नवी समिती, नवा कागद, तुमच्यातल्या शिकलेल्या बाईंची सही हवी. मी कागद पूर्ण वाचते. त्यात माझ्या बाला कुठं बसवलंय ते शोधते. पायरीखाली सापडला की कागद परत करते. वह्या त्यांच्याकडं पुष्कळ आहेत, शाई आहे, चार खात्यांचे शिक्के आहेत. लिहायला माझा हात त्यांना मिळणार नाही.